डबल मार्करचा फॉर्म कोण भरतं?

महाराष्ट्रातल्या स्त्रीरोगतज्ज्ञांना, सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांना आणि पॅथॉलॉजी लॅबचालकांना खुलं पत्र

स. न. वि. वि.

आईच्या रक्तावरून बाळाच्या गुणसूत्रांत दोष असण्याची शक्यता काढणाऱ्या तपासण्या आता पुण्या-मुंबईपुरत्या राहिलेल्या नाहीत. तालुक्याच्या गावी कलेक्शन सेंटरच्या दरपत्रकात थायरॉइड आणि शुगरच्या खालोखाल डबल मार्कर लिहिलेली दिसते. ही चांगलीच गोष्ट आहे. मी जनुकीय समुपदेशक आहे. 'हाय रिस्क'चा कागद हातात धरून आलेली जोडपी माझ्यासमोर बसतात. त्यांतली काही तुम्ही पाठवलेली असतात, बरीचशी कुणीच न पाठवता शोधत आलेली. या तपासणीबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती रक्त काढण्याच्या आधीच्या पाच-दहा मिनिटांबद्दल. त्या मिनिटांत एक फॉर्म घाईघाईत भरला जातो आणि बाईला काहीही सांगितलं जात नाही. रिपोर्टचं निम्मं भवितव्य तिथेच ठरतं, असं माझं मत आहे.

तुम्हाला ठाऊक असलेलंच थोडं सांगते. हे पत्र तुमच्या पेशंटही वाचणार आहेत.

डबल मार्करमध्ये अकरा ते चौदा आठवड्यांच्या दरम्यान आईच्या रक्तात दोन गोष्टी मोजतात : फ्री बीटा एचसीजी आणि पॅप-ए. दोन्ही वारेतून येतात. बाळाला डाऊन सिंड्रोम असेल, म्हणजे एकविसाव्या गुणसूत्राच्या दोनाऐवजी तीन प्रती असतील, तर सरासरीने पहिला वाढलेला असतो, साधारण दुप्पट, आणि दुसरा घटलेला, साधारण निम्मा. ट्रायसोमी १८ आणि १३ मध्ये, म्हणजे त्या-त्या क्रमांकाच्या गुणसूत्राच्या तीन प्रती असतील तेव्हा, दोन्ही खाली जातात. त्याला सोनोग्राफीत मोजलेल्या एनटीची, म्हणजे बाळाच्या मानेमागच्या पातळ द्रवाच्या जाडीची, आणि आईच्या वयाची जोड दिली की शक्यतेचा एक आकडा निघतो. पंधरा आठवड्यांनंतर मोजायची द्रव्यं बदलतात. एएफपी आणि एस्ट्रिऑल कमी, एचसीजी जास्त, ही ट्रिपल. त्यात इनहिबिन-ए घातलं की क्वाड्रुपल.

यातलं काहीही बाळाची गुणसूत्रं पाहत नाही. ही सगळी आईच्या रक्तातली रसायनं, आणि त्यांचे डाऊन असलेल्या आणि नसलेल्या गर्भांमधले आकडे एकमेकांत बरेच मिसळलेले. म्हणून उत्तर शक्यतेतच येतं. या विद्येचा उगमही असाच आडवाटेने झाला. सत्तरच्या दशकात एएफपी मोजायचे ते मणक्याच्या दोषासाठी, आणि तिथे ते वाढलेलं असे. १९८४ साली न्यूयॉर्कच्या डॉ. आयर्विन मर्काट्झ आणि सहकाऱ्यांनी उलटी गोष्ट मांडली : गुणसूत्रांचा दोष असेल तिथे ते कमी दिसतं. निमित्त होतं एका तरुण आईचं. तिच्या बाळाला ट्रायसोमी १८ निघाली होती आणि तिचं एएफपी फारच खाली होतं. चार वर्षांनी लंडनमध्ये निकोलस वाल्ड यांच्या गटाने तीन द्रव्यं आणि वय एकत्र करून ट्रिपलचं गणित बसवलं. १९९२ मध्ये लंडनच्याच किंग्ज कॉलेजमधून निकोलाइड्स यांच्या गटाचं एनटीवरचं काम आलं. या सगळ्याच्या आधी वयाची पस्तिशी हाच मुख्य निकष होता आणि तो फार तोकडा होता. पस्तिशीत ही शक्यता साधारण ३५० मध्ये १, पंचविशीत १३०० मध्ये १ असते हे खरं. पण मुळात बाळंतपणं विशी-तिशीतच जास्त होतात, त्यामुळे डाऊन असलेली बहुतेक मुलं पस्तिशीच्या आतल्या आयांनाच होतात. 'तुझं वय कमी आहे, तुला काय करायचंय' असं सांगणारे डॉक्टर अजूनही भेटतात, म्हणून हे लिहिलं.

आता फॉर्म.

यंत्रातून आलेला आकडा लॅब तसाच वापरत नाही. त्याच दिवसांच्या इतर निरोगी गर्भारपणांत मधला आकडा किती येतो, त्याच्या किती पट हा आहे, ते काढतात. त्यालाच तुम्ही मॉम म्हणता. म्हणजे दिवस किती भरलेत हे चुकलं की तुलनाच चुकली. चौथीतल्या मुलीचे मार्क पाचवीच्या वर्गाशी ताडून पाहिले तर ती कच्चीच ठरणार, तसं हे. आणि इथे चूक कुठल्या बाजूला जाते ते पाहा. पॅप-ए या काळात झपाट्याने चढतो, आठवड्याभरात दीडपट किंवा त्याहून जास्त. फ्री बीटा उतरत असतो. गर्भ प्रत्यक्षात साडेअकरा आठवड्यांचा असताना फॉर्मवर साडेबारा लिहिले, तर पॅप-ए कमी दिसणार आणि फ्री बीटा जास्त. हुबेहूब डाऊनचं चित्र. ट्रिपलमध्येही तेच : एएफपी आणि एस्ट्रिऑल चढते, एचसीजी उतरता. दिवस जास्त धरले की निरोगी बाळावर डाऊनचा शिक्का. दिवस कमी धरले की खरोखर डाऊन असलेलं बाळ 'लो रिस्क' होऊन निसटतं.

हे दिवस येतात कुठून? सीआरएलवरून यायला हवेत, म्हणजे त्याच सुमाराच्या सोनोग्राफीत बाळाची डोक्यापासून ढुंगणापर्यंत मोजलेली लांबी, ४५ ते ८४ मिलिमीटरच्या दरम्यान. प्रत्यक्षात ते फॉर्मवर येतात शेवटच्या पाळीच्या तारखेवरून, आणि ती तारीख येते बाईच्या आठवणीतून. 'वटपौर्णिमेचा उपास होता, त्याच्या दोन-चार दिवस आधी' असं मला एकीने सांगितलं होतं. तिची पाळी मुळात चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी यायची, म्हणजे गर्भ राहिला तोच उशिरा. सोनोग्राफीचा कागद फाईलमध्ये होता, त्यावर सीआरएल स्वच्छ छापलेला होता, पण फॉर्म भरणाऱ्याने तो उघडलाच नव्हता. पाळीच्या तारखेवर आकडेमोड झाली आणि लाल अक्षरांत 'स्क्रीन पॉझिटिव्ह' आलं. सीआरएल घालून पुन्हा गणित केलं तेव्हा शक्यता 'हाय रिस्क'च्या काठापासून बरीच खाली, 'लो रिस्क'मध्ये गेली. रक्त तेच, यंत्र तेच, आकडेही तेच. मधल्या दिवसांत त्या घरात जेवणं सुटली होती आणि कुणीतरी बाळ पाडायच्या गोळ्यांची चौकशीही करून आलं होतं.

मी अशा वेळी लॅबला फोन करते. पुनर्गणनेसाठी नव्याने रक्त लागत नाही, सॉफ्टवेअरमध्ये एक तारीख बदलायची असते. तरीही 'मॅडम, रिपोर्ट एकदा रिलीज झाला की बदलत नाही', 'डॉक्टरांचं पत्र आणा', 'परत पैसे भरावे लागतील' ही उत्तरं मिळतात. लॅबचालकांना माझी पहिली विनंती हीच : दिवसांची दुरुस्ती आली तर फेरगणित त्याच दिवशी करा आणि फुकट करा. दुरुस्तीनंतर गर्भ अकरा आठवड्यांच्या आतला निघाला तर 'हा नमुना या तपासणीच्या वेळेत बसत नाही, आठवड्याने परत या' असं स्पष्ट लिहा. आणि मुळात सीआरएलचा रकाना रिकामा असलेला फॉर्म स्वीकारूच नका. पाठवा परत. दोनदा परत गेला की तिसऱ्या वेळी भरून येतो.

वजनाचंही तेच. बाई जाड असेल तर तिच्या शरीरात रक्त जास्त, द्रव्य त्यात विरळ होतं, म्हणून वजनाप्रमाणे मॉम सुधारावा लागतो. एका कलेक्शन सेंटरचे फॉर्म माझ्या हाती आले होते. सगळ्यांवर वजन ५५. वजनकाटा कोपऱ्यात होता, त्यावर फाईलींचा गठ्ठा. नमुना घेणाऱ्या मुलाला मी दोष देत नाही. त्याला कुणी सांगितलेलंच नसतं की हा रकाना शोभेचा नाही.

मधुमेह, जुळं, आधीच्या बाळंतपणात गुणसूत्रांचा दोष, हे रकाने बरे भरलेले असतात. आयव्हीएफचा मात्र जवळजवळ नेहमी कोरा. आयव्हीएफच्या गर्भारपणात हे आकडे थोडे वेगळे येतात, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे बीज दुसऱ्या स्त्रीचं असेल तर शक्यता त्या बीजदात्रीच्या वयावर काढायची असते. एक्केचाळीस वर्षांची आई, पंचवीस वर्षांच्या दात्रीचं बीज, आणि फॉर्मवर वय ४१ : रिपोर्ट 'हाय रिस्क' येण्याची शक्यता रक्त काढण्याआधीच कितीतरी वाढलेली. आता व्यवहार पाहा. काउंटरवरचा मुलगा रांगेतल्या वीस जणांसमोर विचारतो, 'नॅचरल का आयव्हीएफ?' शेजारी सासूबाई बसलेल्या. कोण बाई खरं सांगेल? हा प्रश्न डॉक्टरांच्या केबिनमध्ये, दार लावून विचारायचा आहे, आणि उत्तर डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने फॉर्मवर लिहायचं आहे. तुमच्याच सेंटरला आयव्हीएफ झालेलं असेल तर माहिती तुमच्या फाईलमध्ये आहेच.

सोनोग्राफी करणाऱ्या मंडळींशी दोन शब्द. एनटीचं मोजमाप मिलिमीटरच्या दशांशात असतं, त्यात अर्ध्या मिलिमीटरचा फरकही गणित फिरवतो. बाळ नीट आडवं, मान ना वर ना खाली, पडद्यावर फक्त डोकं आणि छाती मावेल एवढं मोठं केलेलं, असं चित्र मिळेपर्यंत थांबावं लागतं. बाळ वळत नाही म्हणून आईला खोकायला लावणारे, बाहेर फेरी मारून, काहीतरी खाऊन परत यायला सांगणारे, बाहेर पेशंटची गर्दी असताना तिसऱ्यांदा टेबलावर घेणारे सोनोलॉजिस्ट मी पाहिलेत. त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे. पण 'एनटी नॉर्मल' एवढंच लिहिलेले, आकडाच नसलेले रिपोर्टही येतात. तो आकडा नसला की लॅब नुसत्या रक्तावर शक्यता काढते. रक्त आणि एनटी मिळून डाऊनचे शंभरातले ८५ ते ९० गर्भ सापडतात. नुसत्या पहिल्या तिमाहीच्या रक्तावर हे प्रमाण बरंच खाली येतं. कागदावर मात्र दोन्हींचा छाप सारखाच असतो. एनटी नसताना काढलेल्या आकड्यावर तसं ठळक छापायला काय हरकत आहे?

आणि एनटी साडेतीन मिलिमीटर किंवा त्याहून जास्त आली असेल, तर तिथे रक्ताच्या मार्करची वाट पाहू नका. सरळ जनुकतज्ज्ञाकडे पाठवा.

आता आकड्याबद्दल. १:१८० असं छापलेला कागद जोडप्याच्या हाती येतो. हाती येतो तरी कसा, तर रात्री नऊ वाजता नवऱ्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ. डॉक्टरांची ओपीडी सकाळी अकराला. मधली रात्र गूगलच्या हवाली. १:१८० म्हणजे अशा रिपोर्टच्या १८० बायकांपैकी एकीच्या बाळाला डाऊन असेल आणि १७९ जणींच्या नसेल, हे वाक्य त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. 'हाय रिस्क' हे दोन शब्द मात्र लाल असतात. घरी गेल्यावर 'बाळात दोष आहे' एवढंच उरतं. उलट १:२६० आलेल्या बाईच्या घरी पेढे येतात, कारण काठ २५० ला धरलाय. १:२४० आणि १:२६० यांत व्यवहारात फरक शून्य. काठ कुठेतरी धरावा लागतो म्हणून धरलाय.

त्या काठाचं गणितही एकदा मांडते. धरून चाला की १०,००० गर्भवतींची रक्त-एनटी तपासणी झाली आणि त्यांतल्या १५ बाळांना डाऊन आहे. तपासणीने नव्वद टक्के पकडले, म्हणजे तेरा-चौदा. पण त्याच काठावर पाच टक्के निरोगी गर्भही 'पॉझिटिव्ह' येतात, म्हणजे जवळजवळ ५००. लाल अक्षरांचा कागद मिळालेल्या पाचशेहून अधिक बायकांत शंका खरी ठरते ती साधारण चाळीसजणींत एकीची. आणि 'लो रिस्क' मिळालेल्यांत एक-दोन जणी अशा असतात ज्यांच्या बाळाला डाऊन आहेच. चाळणी म्हणून हे काम चोख आहे. निदान म्हणून हाच कागद वाचला की घात होतो. अशा कागदाच्या जोरावर, पुढची कुठलीही तपासणी न करता, गर्भपात करून मग माझ्याकडे 'पुढच्या वेळी काय' विचारायला आलेली जोडपी आहेत. त्यांना मी काय सांगायचं, हे तुम्हीच मला सांगा.

म्हणून रक्त काढण्याआधी बोला. लांबलचक व्याख्यान नको. ही तपासणी काय सांगते आणि काय नाही. ऐच्छिक आहे, नको म्हटलं तरी चालतं. आकडा 'हाय रिस्क' आला तर पुढे काय करता येतं, किती दिवस लागतात, किती खर्च येतो. आणि शेवटी, पुढचं काहीच करायचं नसेल तर आत्ता ही करायची का. हा शेवटचा प्रश्न विचारायला डॉक्टर कचरतात, बायका नाही. एकीने मला शांतपणे सांगितलं होतं, 'जे असेल ते आमचं, पण आधी कळलं तर हृदयाचं ऑपरेशन होईल अशा ठिकाणी बाळंत होता येईल.' डाऊन असलेल्या जवळपास निम्म्या बाळांना हृदयाचा दोष असतो. तिचं कारण तपासणी करण्याइतकं पक्कं होतं. दुसरी एक म्हणाली, नको, मला नऊ महिने ती धाकधूक नको. तिचंही बरोबर. ओपीडीत ऐंशी पेशंट असताना हे बोलणार कोण, हा तुमचा प्रश्न मला मान्य आहे. तुम्हीच बोललं पाहिजे असं नाही. एखाद्या सिस्टरला शिकवा, मराठीत एक पान छापून आदल्या भेटीत हाती द्या, रक्त त्याच दिवशी न काढता पुढच्या भेटीत काढा. बारा आठवड्यांना आलेल्या बाईकडे तेवढा अवकाश असतो.

हे पान मराठीतच हवं. लॅबच्या रिपोर्टच्या तळाशी बारीक इंग्रजी अक्षरांत 'ही निदानाची तपासणी नाही' असं सगळेच छापतात. कोर्टात कामाला येईल म्हणून छापतात असं वाटावं, इतकं ते बारीक असतं.

एनआयपीटीबद्दल, म्हणजे आईच्या रक्तातल्या बाळाच्या डीएनएवरून होणाऱ्या तपासणीबद्दल, थोडंच. १९९७ साली डेनिस लो यांनी आईच्या रक्तात बाळाचा डीएनए सापडतो हे दाखवलं, २०११ पासून त्यावरची तपासणी बाजारात आली, आणि डाऊनच्या बाबतीत ती शंभरात ९९ च्या वर पकडते. मार्करच्या आकड्यात अडकलेल्या बाईसाठी ती मोठी सोय आहे. पण ती दहा हजारांच्या घरात आणि पुढे जाते, आणि तीही चाळणीच आहे. तो डीएनए मुळात वारेतून येतो. वार आणि बाळ क्वचित वेगळं सांगतात. एनआयपीटी 'पॉझिटिव्ह' आली तरी गर्भजलपरीक्षेशिवाय, म्हणजे सुईने गर्भजल काढून बाळाची गुणसूत्रं पाहिल्याशिवाय, निर्णय घेऊ नये, हे लॅबचा प्रतिनिधी सांगत नाही. ते तुम्हाला सांगावं लागेल. आणि वाढलेल्या एनटीसमोर एनआयपीटी नको, तिथे सरळ निदानाची तपासणी.

गर्भजलपरीक्षेची आपल्याकडे एक वेगळीच भीती आहे, आणि ती उगाच नाही. ऐंशीच्या दशकात हीच तपासणी मुंबईत मुली शोधून पाडायला वापरली गेली. देशातला पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्राने केला तो त्यामुळेच. देशभराचा १९९४ मध्ये आला. आजही सासरे विचारतात, 'पाणी काढणार म्हणजे मुलगा-मुलगी बघणार का?' नाही, आणि मार्करवरूनही ते कळत नाही, हे मी प्रत्येक वेळी सांगते. कायद्याने या तपासणीआधी बाईला तिच्या भाषेत धोके समजावून लेखी संमती घ्यायची असते आणि तिची प्रत तिला द्यायची असते. अनुभवी हातात गर्भ जाण्याचा धोका एक टक्क्याहून बराच कमी असतो. 'सुई मारली की बाळ जातं' हे शेजारणीचं वाक्य तेवढ्याने खोडता येतं, पण त्यासाठी कुणीतरी आकडा सांगायला हवा.

मग वेळ. ट्रिपल अठरा आठवड्यांना केली, रिपोर्टला चार दिवस, सुट्टी-सण, डॉक्टरांची भेट, गर्भजलपरीक्षेची तारीख, पूर्ण गुणसूत्र तपासणीला दोन ते तीन आठवडे. तेवीस आठवडे कधी आले ते कळत नाही. गर्भपाताच्या कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीआधी विसाव्या आठवड्याला दार बंद व्हायचं आणि माणसं हायकोर्टात धावायची. २४ सप्टेंबर २०२१ पासून २० ते २४ आठवड्यांमध्ये गर्भातल्या गंभीर दोषासाठी दोन डॉक्टरांच्या मताने, आणि त्यापुढे वैद्यकीय मंडळाच्या मताने वाट आहे. मंडळाने तीन दिवसांत मत द्यायचं असतं. पण कायद्याने मुदत वाढवली म्हणून तपासणी पुढे ढकलायची मुभा मिळाली असं कृपा करून समजू नका. तेरा आठवड्यांना कळणं आणि तेवीस आठवड्यांना कळणं, यांतला फरक बाळाची हालचाल जाणवायला लागलेल्या आईला विचारा. जिथे पहिल्या तिमाहीत नोंदणी झालीय तिथे ट्रिपलपर्यंत थांबायचं कारण नाही. उशिरा आलेल्या बाईसाठी क्वाड्रुपल करा, ती ट्रिपलपेक्षा जास्त पकडते, साधारण ७० ऐवजी ८० टक्के. गर्भजलाच्या नमुन्यावर फिश किंवा क्यूएफ-पीसीआर या झटपट तपासण्या मागवा, मुख्य तीन दोषांचं उत्तर दोन-तीन दिवसांत येतं.

सरकारी दवाखान्यात दर महिन्याच्या नऊ तारखेला तपासणीला येणाऱ्या बायकांपर्यंत यातलं काहीच नेमाने पोहोचत नाही. तो वेगळ्या पत्राचा विषय आहे, आणि ते आरोग्य खात्याला लिहावं लागेल.

निदान पक्कं झाल्यावरच्या बोलण्याबद्दल एकच सांगते. डाऊन सिंड्रोम आणि ट्रायसोमी १८ यांची नावं एका दमात घेऊ नका. ट्रायसोमी १८ ची बहुतेक बाळं वर्षभरही जगत नाहीत. डाऊन असलेली मुलं उशिरा चालतात, उशिरा बोलतात, आकलन कमी असतं, थायरॉइडकडे लक्ष ठेवावं लागतं, आणि पुष्कळ जण शाळेत जातात, मोठी होतात, पन्नाशी-साठी गाठतात. जिल्हा रुग्णालयातलं शीघ्र हस्तक्षेप केंद्र, २०१६ च्या कायद्याखालचं अपंगत्व प्रमाणपत्र, निरामय विमा, हे सगळं त्या जोडप्याला निर्णयाच्या आधी कळायला हवं, बाळ झाल्यावर नाही. तुमच्याच गावात असं मूल वाढवणारे आई-बाप असतील. ते तयार असतील तर त्यांची गाठ घालून द्या. मग जोडपं जे ठरवेल ते त्याचं. गर्भपात ठरवला तर तिथेही तुमच्या आवाजात नाराजी नको, आणि ठेवायचं ठरवलं तर 'विचार केलाय ना नीट?' हेही नको.

आणखी एक, ज्याकडे तुमच्यापैकी बऱ्याच जणांचं लक्ष गेलेलं आहे आणि बऱ्याच जणांचं नाही. डाऊनची शक्यता कमी आली तरी पॅप-एचा मॉम ०.४ च्या खाली असेल, तर तो कागद फाईलला लावून विसरू नका. वार नीट रुजलेली नसेल, पुढे बीपी वाढेल, बाळाची वाढ खुंटेल, अशी ती सूचना असू शकते. अशा बाईची प्रीएक्लॅम्पसियाची, म्हणजे गर्भारपणात बीपी वाढून होणाऱ्या आजाराची, जोखीम लगेच तपासा. जास्त निघाली तर अ‍ॅस्पिरिन सोळा आठवड्यांच्या आत सुरू करायला हवी, नंतर तिचा तेवढा उपयोग होत नाही. रिपोर्टवर 'लो रिस्क' हिरव्या अक्षरांत आणि त्याच पानावर पॅप-ए ०.२८, असे कागद मी पाहते. ती बाई परत कुणाला दिसते, तर एकदम बत्तिसाव्या आठवड्यात, सुजलेल्या पायांनी.

आपली,
तुमच्याच पेशंटना भेटणारी एक जनुकीय समुपदेशक

ता. क. : विदर्भ, मराठवाडा आणि खानदेशातल्या कलेक्शन सेंटरसाठी वेगळं. रक्त काढून सीरम वेगळं न करता नमुना उन्हाळ्यात तसाच पडून राहिला, तर उष्णतेने एचसीजीचा रेणू तुटतो आणि फ्री बीटा खोटा वाढतो. मे महिन्यात दुपारच्या एसटीने, बर्फाविना, ड्रायव्हरच्या केबिनमधून आलेला नमुना हा 'हाय रिस्क'चा कारखाना आहे. सेंट्रिफ्यूज सेंटरवरच ठेवा, सीरम लगेच वेगळं करा, थंड डब्यातून पाठवा. ते जमत नसेल तर बाईला सकाळी जिल्ह्याच्या लॅबमध्येच पाठवा, आणि जाताना सोनोग्राफीचा कागद बरोबर न्यायला सांगा.